रबराची शिकवणी

८ जानेवारी, सोमवार

आज दारावर पाटी लागली. ‘इंग्रजी उच्चारांचा वर्ग. फक्त मोठ्यांसाठी.’ पाटी ठोकताना मेहुण्याने हातोडी स्वतःच्याच अंगठ्यावर हाणली आणि वर मलाच विचारलं, दाजी, सरळ लागली का? हा बायकोचा धाकटा भाऊ. खाली त्याचं पंक्चर काढायचं दुकान, वरच्या दोन खोल्या आमच्या. बाहेरच्या खोलीत आता वर्ग, आतल्या खोलीत संसार, मध्ये फळ्यांची भिंत.

‘फक्त मोठ्यांसाठी’ हे बायकोने घालायला लावलं. का, म्हणून विचारलं तर नुसती बघत राहिली. तिचं ते बघत राहणं माझ्या डोक्यात जातं. शाळेने मला घरी बसवलं ते एका पोराच्या कानाचं निमित्त करून. एक कानाखाली दिली, तर त्या कानाने त्याला ऐकू येईनासं झालं म्हणे. आम्ही लहानपणी दोन्ही कानांखाली खाल्ल्या आहेत आणि आम्हाला भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा ऐकू येते. मुख्याध्यापकांना मी नकोच होतो, त्यांना कान मिळाला. असो. नव्या कामाच्या पहिल्या दिवशी जुनं उगाळू नये.

मी शिकवणार ते एवढंच. इंग्रजीत शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी. चिप म्हणजे कपचा, चीप म्हणजे स्वस्त. आपण लिहिताना पहिली वेलांटी की दुसरी यावरून एकमेकांची डोकी फोडू, पण बोलताना सगळं एकाच मापाने उरकतो. तोंडी परीक्षेला बसलेली माणसं इथेच आपटतात. त्यांचं बाकी सगळं येतं, फक्त स्वर कुठे लांबवायचा आणि कुठे तोडायचा ते कळत नाही. ते मी त्यांच्या कानात घालणार.

११ जानेवारी, गुरुवार

पद्धत सापडली. दुपारी खाली दुकानात बसलो होतो. मेहुणा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापत होता. एक पट्टी त्याने ताणली आणि सोडली, ती फट्‌ करून खांबावर बसली. मी उठून उभाच राहिलो. दीर्घ स्वर म्हणजे ताण आणि ऱ्हस्व स्वर म्हणजे सोड! एवढी सोपी गोष्ट कुठल्याही पुस्तकात कशी नाही?

असं करायचं. मी एका खुर्चीवर, शिकणारा समोर. मधे ट्यूबची पट्टी, छातीच्या उंचीवर ताणलेली, एक टोक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. मी शब्द म्हणायचा. स्वर दीर्घ असेल तर त्याने टोक घट्ट धरून ठेवायचं. ऱ्हस्व असेल तर त्याच क्षणी सोडायचं. चुकला तर मी माझं टोक सोडणार, म्हणजे बक्षीस त्याच्या बोटांवर. त्याने बरोबर सोडलं तर पट्टी माझ्याकडे येणार, पण मी मेहुण्याचा जाड हातमोजा घातलेला असेल आणि हात बाजूला धरलेला असेल.

मेहुणा म्हणाला, दाजी, हे रबर लागतं हां. मी म्हटलं, लागायलाच हवं, नाहीतर शिकेल कोण.

१५ जानेवारी, सोमवार

वर्ग सुरू झाला. सगळे मिळून सहा. त्यातला एक आडदांड ट्रक ड्रायव्हर, त्याला परदेशात गाडी चालवायला जायचंय. एक शिंपीण, तिला बोटीवर कपडे दुरुस्त करायचं काम मिळतंय. बाकीचे चौघे अजून नुसतेच चेहरे आहेत.

हसून हसून पुरेवाट झाली. ड्रायव्हर ‘शिप’ला घट्ट धरून बसला आणि मी सोडलं, तर असा उडाला की खुर्चीसकट मागे! ‘मेंढी नाही रे, जहाज,’ मी म्हटलं, आणि सगळे खो खो हसले. तोही हसला, बोटं चोळत. शिंपीण तेवढी हसली नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. शिवणकाम करणारी माणसं हाताकडेच बघतात.

बरेच दिवसांनी मी खूश आहे. रात्रीचं जेवण दोनदा वाढून घेतलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज मुलीने सांगितलं, म्हणजे तिच्या आईने सांगितलं आणि ती मागे उभी राहिली. विमानतळाच्या नियंत्रण कक्षात बसून वैमानिकांशी बोलतात, ते काम शिकवणारी एक संस्था आहे. मुलीने अर्ज करून लेखी परीक्षा दिली आणि पासही झाली. मला आज कळतंय. तोंडी परीक्षा चोवीस फेब्रुवारीला. तिथे उच्चाराला सगळ्यात जास्त गुण, कारण वैमानिकाला एक शब्द दुसऱ्यासारखा ऐकू आला तर माणसं मरतात.

आधी तिडीक गेली. माझ्या घरात माझ्या पाठीमागे अर्ज जातात! पण मग विचार केला, उच्चार म्हणजे माझा प्रांत. हिने ही परीक्षा काढली तर माझ्या वर्गाची याहून मोठी जाहिरात कुठली? दारावर तिचा फोटो लावीन. मी म्हटलं, उद्यापासून रोज चहानंतर तुझा तास. ती ‘बरं बाबा’ म्हणाली. बायकोने सांगितलं की ती आपली आपण करेल. मी म्हटलं, घरात विहीर असताना नळावर कशाला रांग लावायची?

२२ जानेवारी, सोमवार

मुलगी कच्ची आहे. दहातले सहा चुकते. बोटं सुजली म्हणून पट्टी मनगटावर घेतली.

२५ जानेवारी, गुरुवार

मुलीने हल्ली लांब बाह्यांचे कपडे घालायला सुरुवात केली आहे. चांगलं आहे. परीक्षेला जाताना नीटनेटकं दिसलं पाहिजे, तिला आपणहून सुचलं याचं कौतुक वाटलं.

३० जानेवारी, मंगळवार

माझ्या पद्धतीत एक खोट निघाली आणि ती माझी नाही, माणसांची आहे. ऱ्हस्व स्वराला टोक पटकन सोडायचं असतं. पण कुणी सोडतच नाही! हळूच पुढे झुकतात, पट्टी ढिली करतात आणि मग बोटं उघडतात. शिंपीण तर उठून माझ्या हातात आणून देते, सुई परत द्यावी तशी. मी विचारलं, हे काय? म्हणाली, मास्तर, तुम्हाला लागेल ना. अहो, मी हातमोजा घातलाय, मला काय लागणार! स्वर तुटला पाहिजे, फट्‌कन. हे असले मऊ लोक जगात कसे टिकणार आहेत कोण जाणे.

मुलीचं तेच. शब्द कळला तरी सोडत नाही, धरूनच बसते, आणि मग मला माझं टोक सोडावं लागतं. आज मी दोन पट्ट्या एकावर एक घेतल्या. तिच्या गळ्याजवळ बसली. कानापासून खांद्यापर्यंत लाल रेघ उठली. ती रडली नाही, त्याचा मला जास्त राग आला. रडली असती तर मी थांबलो असतो. ‘सोडायला शिक,’ मी दहा वेळा ओरडलो. ‘हात उघड आणि सोड!’ भिंतीपलीकडे भांडी पडल्याचा आवाज आला. बायको मुद्दाम पाडते.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज घरात जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे माझी बाजू कुठेतरी राहील.

जेवताना मी म्हटलं, मुलगी पास झाली की फोटो काढू, पाटी मोठी करू आणि तिला वर्गात माझ्या मदतीला घेऊ. बायकोने हातातला डाव खाली ठेवला आणि सांगितलं की ती संस्था निवासी आहे. दोन वर्षं तिथेच राहायचं, दुसऱ्या शहरात. मला कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, मग पास व्हायचं, पण जायचं नाही. यावर वाद घालायचं कारणच नव्हतं.

“ती जाणार,” बायको म्हणाली. “पास झाली की त्याच दिवशी जाणार.”

अठरा वर्षांत ही बाई माझ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती. पुढचं फार झटपट झालं. ताट भिंतीवर आपटलं. मी तिचा हात धरला, कारण ती उठून चालली होती आणि माझं बोलणं संपलं नव्हतं. हात पिरगळला गेला. आतून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मुलगी मध्ये पडली म्हणून तिलाही लागलं, ओठ फुटला. मध्ये पडायला तिला कुणी सांगितलं होतं?

भिंतीवरून वरण ओघळत होतं. मी खाली जाऊन दुकानाच्या पायरीवर बसलो. मला वाईट वाटलं, हे लिहायला मी घाबरत नाही. पण मुलीला माझ्यापासून तोडायचं ठरवणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल ते कोण लिहिणार?

४ फेब्रुवारी, रविवार

प्लास्टर घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा न्हाणीघरात पाय घसरला असं बायकोनेच सांगितलं. मला तोंड उघडावंही लागलं नाही. शेवटी संसार म्हणजे हेच, एकमेकांना सांभाळून घेणं.

मेहुणा मात्र माझ्याशी बोलला नाही. पट्ट्या मागायला गेलो तर संपल्या म्हणाला. मागे ढीग पडलेला मला दिसत होता. मी स्वतःच कापून घेतल्या.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी जे ऐकलं त्याने अंगाची लाही लाही झाली आहे.

भाजी घेऊन लवकर परतलो. जिन्यातच आवाज आले. आत मुलगी आणि शिंपीण बसल्या होत्या. शिंपीण ब्लाउजला हुक लावत होती आणि मुलगी तिला शब्द देत होती. चिप, चीप. फिट, फीट. पुल, पूल. एकही चूक नाही! दीर्घ स्वर असा लांब आणि मोकळा, ऱ्हस्व असा काडीसारखा तुटलेला. मग शिंपीण म्हणायची, मुलगी दुरुस्त करायची आणि दोघी हसायच्या. हातात रबर नाही, काही नाही. शिंपिणीला तासाभरात जे आलं ते माझ्याकडे महिनाभरात आलं नव्हतं. माझी मुलगी हसते तेव्हा तिचा आवाज कसा येतो हे मी विसरलो होतो, हेही खरं आहे.

मी जिन्यात उभा राहिलो आणि मला सगळं उमगलं. म्हणजे माझ्यासमोर ती मुद्दाम चुकते! तिला येतं, आणि ती मला खोटं पाडते. आई आणि मुलगी मिळून ठरवून करतात हे. मी आत गेलो. दोघींची तोंडं एकदम मिटली. शिंपीण हुक तोंडात धरून निघून गेली. मी मुलीला समोर बसवलं, पट्टी ताणली आणि तेच शब्द दिले. दहातले आठ चुकली.

याला काय म्हणायचं? मी काय केलं ते लिहीत नाही. शेजारच्यांनी दार वाजवलं तेव्हा थांबलो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात आज माझी बेअब्रू झाली.

ड्रायव्हर पुन्हा चुकला. मी पट्टी सोडली, ती त्याच्या कानशिलावर बसली आणि रक्त आलं. इतर दिवशी हसतो. आज हसला नाही. कान पुसला, बोटाकडे पाहिलं, उठला आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मला वाटलं पाणी प्यायला चाललाय. पुढच्या क्षणी पट्टी माझ्या गळ्याभोवती होती आणि मी भिंतीला टेकलेला होतो, पायाची बोटं जेमतेम जमिनीला लागत होती.

“मास्तर, आता तुमची पाळी,” तो म्हणाला. “म्हणा. शिप.”

मी म्हणायचा प्रयत्न केला. श्वास नसला की ऱ्हस्व येत नाही आणि दीर्घही येत नाही, नुसती घरघर येते. तो म्हणाला, चूक. आणि एक ठोसा पोटात. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा चूक. तिसऱ्याला माझं नाक फुटलं. बाकीचे बसल्या जागी बसून होते. फळ्यांच्या भिंतीच्या दारात बायको उभी होती, हात प्लास्टरमध्ये, आणि तिच्यामागे मुलगी. दोघी नुसत्या बघत होत्या. त्या ड्रायव्हरला त्यांनी थांबवलं नाही. त्यानेच कंटाळून मला सोडलं, पट्टी गुंडाळून खिशात घातली आणि निघून गेला. त्याच्या मागोमाग इतरही गेले.

मला त्या क्षणी कसं वाटलं ते लिहायचं तर, लहान झाल्यासारखं वाटलं. समोरच्याच्या खांद्याकडे बघायचं आणि हात कधी येतो याचा अंदाज घेत बसायचं. तो काय शब्द म्हणाला ते डोक्यात शिरतच नव्हतं. असल्या माणसाला शिकवण्यात काय अर्थ आहे?

संध्याकाळी मुलीचा तास घेतला. जरा जास्तच झाला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

एक शंका येते. पट्टी सुटते तेव्हा माझ्या हाताला बरं वाटतं. क्षणभरच, पण बरं वाटतं. मी शिकवण्यासाठी सोडतो की सोडायला मिळावी म्हणून शिकवतो? विचार करून डोकं दुखलं. मास्तराने असले प्रश्न स्वतःला विचारू नयेत, हात लुळा पडतो.

१८ फेब्रुवारी, रविवार

वर्गाला आता कुणी येत नाही. शिंपीण तेवढी येते, पण माझ्याकडे नाही, बायकोला मदत करायला. कणीक मळून देते, केस विंचरून देते. मी घरात असलो की दोघी मूग गिळून बसतात.

मी ठरवलं आहे. मुलीने परीक्षा द्यायची, माझ्या पद्धतीने द्यायची आणि पास व्हायचं, म्हणजे त्या ड्रायव्हरचं आणि मुख्याध्यापकांचं तोंड बंद होईल. पण ती जाणार नाही. तिची प्रमाणपत्रं मी काढून माझ्याकडे ठेवली आहेत. निकाल लागल्यावर बघू. पोरीची जात, चार दिवस रडेल आणि विसरेल. घरात तीन माणसं, त्यातलं एक गेलं की माझ्याशी बोलणारं कोण उरतं? बायको तर बोलतच नाही.

मुलीला हे सांगितलं. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. बऱ्याच दिवसांत तिने असं पाहिलं नव्हतं, नजर नेहमी माझ्या हातावर असते. “बरं बाबा,” ती म्हणाली. शहाणी आहे, समजून घेते.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

डोळ्यांच्या इस्पितळातून लिहितोय. डाव्या डोळ्यावर पट्टी आहे, लिहू नका असं सांगितलंय, पण मला कोण अडवणार. अक्षरं उतरत्या ओळीत चालली आहेत.

काल शेवटचा मोठा तास घ्यायचा ठरवला होता. ट्रकच्या ट्यूबची जाड पट्टी कापली, ती दुहेरी केली. ताणायलाच दोन्ही हात लागले, म्हणून हातमोजा काढून ठेवला. मुलीला समोर बसवलं. ती मला नेहमीपेक्षा शांत वाटली. पट्टी तिने दोन्ही हातांनी धरली आणि आपणहून खुर्ची मागे सरकवली, एवढी मागे की रबर किरकिरायला लागलं. मला बरं वाटलं, म्हटलं आता हिला जोर आला. तिचं तोंड नीट दिसावं म्हणून मी पुढे वाकलो.

शीप, मी म्हटलं. तिने धरून ठेवलं. बरोबर. फीट. बरोबर. पूल. बरोबर. एकेका शब्दाला ती माझ्या तोंडाकडे बघत होती, हाताकडे नाही. मी म्हटलं, बघ, येतंय की नाही? आणि मग म्हटलं, चिप.

तिने हात उघडले.

दुखलं किती ते सांगता येत नाही. पांढरा उजेड पडला आणि मग त्या बाजूला काहीच राहिलं नाही. मी जमिनीवर लोळत होतो, तोंडात रक्त येत होतं, माझाच आवाज मला जनावरासारखा ऐकू येत होता. बायकोचे पाय आले आणि माझ्यापासून लांबच थांबले. शेवटी मेहुणा धावत वर आला, त्यानेच टेम्पोत घातलं.

रात्रभर एकच विचार करतोय. तिने मुद्दाम केलं का? पण चिपमधला स्वर ऱ्हस्वच आहे. ऱ्हस्वाला सोडायचं असतं, फट्‌कन, हातचं राखून न ठेवता. मीच शिकवलं. वर्गात कुणाला जमलं नाही ते तिला जमलं. मी मास्तर म्हणून तिची चूक काढू शकत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर म्हणतात, डोळा राहील पण दिसणार नाही. पोलिसांत कळवायचं आहे का, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, घसरून पडलो.

काल तिची परीक्षा झाली असणार. निकाल तिथल्या तिथे सांगतात. कुणी कळवलं नाही. मेहुणा डबा ठेवून जातो, खाली बघून. मी विचारलं, घरी सगळं ठीक? तो म्हणाला, घरी कुणी नाही, दाजी. कपाट फोडून प्रमाणपत्रं काढून त्यानेच दिली, हेही सांगितलं. नजर वर न करता सांगितलं, पण सांगितलं. मी पाण्याचा पेला फेकला. एका डोळ्याने नेम लागत नाही, पेला दोन हात बाजूला गेला. तो पुसून निघून गेला.

शेजारच्या खाटेवर मोतीबिंदू काढलेले एक आजोबा आहेत. गमत्या माणूस. दोघांत मिळून दोन डोळे होतात, आपण एक पेपर वाचायला घेऊ, म्हणतात. त्यांच्याशी बोलून वेळ जातो. मास्तर होतो म्हटल्यावर ते मला मान देतात, संत्र्याच्या अर्ध्या फोडी माझ्या उशाशी ठेवतात.

२ मार्च, शनिवार

मुलगी आली होती.

भेटीच्या वेळेला आली. खाटेजवळ आली नाही, खोलीच्या दाराशी उभी राहिली. खांद्याला पिशवी. मधे आजोबांची खाट आणि रिकामी जागा. पास झाली, म्हणाली. पहिल्या पाचांत. आज दुपारच्या गाडीने चालली आहे. आई तिच्या बरोबर जाते आहे, त्या शहरात शिंपिणीच्या बहिणीचं शिवणाचं दुकान आहे, तिथे वर राहायला खोली मिळाली आहे. हे सगळं एका दमात सांगितलं, पाठ करून आल्यासारखं.

मला खूप बोलायचं होतं. आधी रागवायचं होतं, मग राहा म्हणायचं होतं. पण बोललो ते वेगळंच. मी म्हटलं, परीक्षेत काय विचारलं? म्हणून दाखव. तिने म्हणून दाखवलं. शिप, शीप. स्लिप, स्लीप. फुल, फूल. एकेक स्वर असा आला की आजोबा पेपर बाजूला ठेवून ऐकायला लागले. मला अभिमानाने भरून आलं. माझ्या मुलीचा आवाज! उद्या विमानं त्या आवाजावर उतरतील.

“मग घरी का चुकायचीस?” मी विचारलं.

“घरी मी तुमच्या हाताकडे बघायचे, बाबा,” ती म्हणाली. “शब्द ऐकूच यायचा नाही.”

डोळ्यात पाणी आलं, चांगल्या डोळ्यात, आणि पट्टीखाली चुरचुरायला लागलं. मी पट्टी नीट करायला हात वर केला.

एवढंच केलं. पट्टी नीट करायला हात वर केला. आणि ती तिकडे दारात, एवढ्या लांब, एकदम खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे पोटाशी, डोळे मिटलेले, पिशवी घरंगळत भिंतीपर्यंत गेली. साऱ्या खोलीचं बोलणं थांबलं. खाटाखाटांवरची माणसं उठून बघायला लागली, ज्यांच्या दोन्ही डोळ्यांना पट्ट्या होत्या ते शेजाऱ्याला विचारायला लागले, काय झालं, काय झालं. मी हात तसाच वर धरून बसलो होतो. खाली घ्यावा की नको ते कळेना.

ती उठली. पिशवी उचलली. माझ्याकडे पाहिलं नाही, फरशीकडे बघत म्हणाली, “येते.” आणि गेली. मी तिला हाक मारली ती तिला ऐकू आली की नाही माहीत नाही.

आजोबांनी पेपरची घडी घालून ठेवली. मग त्यांनी विचारलं, ती कोण होती. मी सांगितलं, माझी मुलगी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मी म्हटलं, तुम्हाला वाटतं तसं काही नाही, ती एक शिकवायची पद्धत आहे, फार चांगली पद्धत आहे, दीर्घ स्वराला ताणायचं असतं आणि ऱ्हस्वाला. मी सांगत होतो तेवढ्यात त्यांनी कूस बदलली आणि पांघरूण कानावर ओढून घेतलं.